धनुबाईचे जावई

गावाचं नाव सांगत नाही. शहाद्याहून ब्राह्मणपुरी ओलांडून पुढं आलात की लागतं, एवढं पुरे. लपवण्याचं कारण सरळ आहे. ते माझं सासर आहे, आणि ज्या बाईनं ते माझं सासर केलं तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

धनुबाई आमच्या माध्यमिक शाळेत शिपाई आहे. नवरा याच शाळेत होता, तो गेल्यावर अनुकंपावर ती लागली. शिक्षण चौथी. घंटा देणं, पाणी भरणं, सूचनांची वही वर्गावर्गात फिरवणं ही तिची कागदावरची कामं. खरं काम कुठल्याच कागदावर नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक गावात टिकवून धरणं, हे तिनं आपलं आपणच अंगावर घेतलं होतं.

मराठीचे, इतिहासाचे शिक्षक एका जागेला शंभर मिळतात. गणित-विज्ञानवाला आमच्याकडं येतो तोच मुळी परत जायचं ठरवून. शहरात क्लासवाले त्याला हातोहात उचलतात, नाहीतर तो बँकेच्या परीक्षा देत बसतो. धनुबाईला हे सगळं कळत होतं, कारण तिला त्याचा चटका बसलेला होता. तिचा मुलगा नवनीत दहावीत होता तेव्हा दोन वर्षं शाळेला गणिताचा शिक्षक नव्हता. त्या वर्षी अडतीसपैकी एकतीस मुलं गणितात गेली. नवनीत त्यांतला एक. पुन्हा बसला, पुन्हा गेला. आज तो नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर काम करतो. पोरगा मठ्ठ होता असं धनुबाईला कधीच वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही. शिकवायलाच कुणी नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी आलो. सांगोल्याचा, बी.एस्सी. बी.एड., दोन वर्षं काढून गावाकडं पळायचं मनात पक्कं. तिसऱ्या दिवशी धनुबाईनं माझी जात, आईचं माहेर आणि घरातली भावंडं विचारून घेतली. मला वाटलं, साधी चौकशी आहे. दीड वर्षानं मी बोहल्यावर उभा होतो. संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव पाटील, त्यांची पुतणी माझी बायको झाली. इंग्रजीचे सर असेच अडकले. विज्ञानाचे सरही. तिघांनाही गावानं डोक्यावर घेतलं. जावयाला पहिला पाट, जावयाला शेतातली पहिली पपई, अधिक महिन्यात ताटभर धोंडे. असा पाहुणचार सोडून कोण जाणार? तिघंही राहिलो. आणि आम्ही होतो तोवर दहावीचं गणित कधी रिकामं गेलं नाही, हेही खरं.

मग विज्ञानाचे सर आजारपणामुळं मुदतीआधीच निवृत्त झाले, मी मुख्याध्यापक झालो, आणि घडी विस्कटली. तीन वर्षं जागा रिकामी. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाली, प्रस्ताव गेले, आले, पुन्हा गेले. तासिका तत्त्वावर चौघं येऊन गेले. एकाचा पोलीस भरतीचा निकाल लागला तर तो फळ्यावर समीकरण अर्धं ठेवूनच उठला. मुख्याध्यापकाची कागदपत्रं सांभाळून दहावीचं गणित आणि विज्ञान मी ओढत होतो, म्हणजे दोन्हीची वाट लावत होतो. आणि नवनीतची मुलगी रुपा, शाळेसाठी आजीकडं राहिलेली, नववीतून दहावीत येत होती.

त्या काळात धनुबाई मला नव्या शिक्षकाबद्दल रोज एकच प्रश्न विचारायची. "सर, उनं का काही?" मी काही आलं नाही म्हणायचो. ती मान डोलावून घंटेकडं जायची.

जुलैत शेवटी नियुक्तीचं पत्र आलं. पोर्टलवरून निवड झालेली शिक्षणसेवक. चेतना मॅडम, वय सव्वीस, गाव गडहिंग्लज. म्हणजे महाराष्ट्राचं पार दुसरं टोक. मी नकाशा काढून अंतर मोजलं. इतक्या लांबून आलेलं माणूस किती दिवस राहणार?

पण शिकवायची मात्र फर्मास. त्रिकोणमिती शिकवायला पोरांना पाण्याच्या टाकीखाली नेलं, सावली मोजायला लावली, टाकीची उंची काढून घेतली आणि ग्रामपंचायतीच्या कागदावरचा आकडा चुकीचा आहे असं पोरांनीच सरपंचांना जाऊन सांगितलं. सकाळी सातला जादा तास सुरू केला. रुपा साडेसहालाच जाऊन बसायची. घरी आजीला सावल्यांची चित्रं काढून दाखवायची. धनुबाईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती ते कागद फेकत नव्हती.

धनुबाईनं मॅडमना स्वतःच्या घराशेजारची खोली मिळवून दिली. पिण्याचं पाणी ती भरायची, डबा तिच्या घरून जायचा, ऑगस्टात मॅडमना डेंग्यूचा ताप आला तेव्हा चार दिवस ती उशाशी बसली होती. आणि मनात सारखी धाकधूक. मॅडम फोनवर आईशी बोलताना रडल्या की हिचं जेवण उडायचं. मॅडमनी मोबाईलवर काही फॉर्म भरला की ही माझ्या टेबलापाशी हजर. "सर, कसाना फारम शे तो?" दिवाळीच्या सुट्टीला मॅडम गावी निघाल्या तेव्हा ही एसटी स्टँडवर नुसती बॅग किती मोठी नेतात ते बघायला गेली होती. लहान नेली. त्या रात्री ती झोपली, असं रुपानं मला सांगितलं.

माझीही तीच गत होती. फरक एवढाच की मी मुख्याध्यापक असल्यामुळं काळजीला काळजी म्हणत नव्हतो, पाठपुरावा म्हणत होतो.

दिवाळीनंतर धनुबाई माझ्याकडं आली. चेहरा उजळलेला, मॅडमसाठी स्थळ घेऊन. हिंमतरावांचा मुलगा हेमकांत, शेतकीचा पदवीधर, घरची केळी आणि पपई बघणारा, वागायला सभ्य. जात जुळत होती, ते तिनं जुलैतच काढून ठेवलं होतं.

"तुमले जशे ठेवं, तशे तिले बी ठेवसूत," ती म्हणाली.

मी हसलो. खरं तर तेव्हाच मी तिला थांबवायला हवं होतं. एकोणीस वर्षं सासरी राहून मला एवढंही सुचू नये? पण मलाही दहावीचा निकाल दिसत होता, आणि हेमकांत खरंच चांगला मुलगा होता.

जुळवाजुळव धनुबाईनं केली. एकदा केळीच्या बागेत मॅडमना ठिबकचं गणित दाखवायचं निमित्त, एकदा हिंमतरावांकडं मांड्यांचं जेवण. चेतना मॅडमना मुलगा आवडला. हे मी ठामपणे सांगतो, कारण पुढं गावात वेगळंच बोललं गेलं. त्यांच्या आईवडिलांना पोरीच्या एकटेपणाची चिंता होती, तेही राजी झाले. डिसेंबरात साखरपुडा झाला. त्या दिवशी धनुबाई शाळेतल्या पोरांना पेढे वाटत फिरत होती, जणू दहावीचा निकालच लागला.

लग्नाची तिथी निघाली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. बोर्डाची परीक्षा त्याच महिन्याच्या शेवटी. धनुबाईनं मला विचारलं, "चार दिन सुट्टी लागी ना सर, मंग येतीन ना मॅडम?" मी म्हणालो, येतील की. मला तसंच वाटत होतं.

जानेवारीत बस्ता निघाला. आमच्याकडं लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्यांनी मिळून एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचे असतात, त्याला बस्ता म्हणतात. शहाद्यात रिखबचंद शेठच्या दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्ही घरं बसली. चेतना मॅडमचे आईवडील गडहिंग्लजहून दीड दिवसाचा प्रवास करून आले होते. हिंमतराव, त्यांच्या पत्नी मंगलाबाई, हेमकांत, गावचा जावई म्हणून मी. आणि धनुबाई गादीच्या कडेला, चपलांच्या बाजूला. मध्यस्थाला मानाचं लुगडं द्यायची रीत आहे, म्हणून तिला आणलं होतं. शेठनं तिच्या मांडीवर आधीच एक जांभळं लुगडं ठेवलं होतं.

शालू पसंत होत आला होता. शेठ म्हणाला, "मॅडम, हा घ्या, शाळेत गॅदरिंगला पण चालेल."

मंगलाबाई हसल्या. "शाया कसानी आते? हयद लागनी का शाया बंद. आमना घरन्या सुना नोकरी करतीस नही."

सगळे हसले. चेतना मॅडम हसल्या नाहीत. "बंद म्हणजे?" त्यांनी विचारलं.

हिंमतरावांनी समजावणीच्या सुरात सांगितलं. मी अध्यक्ष, आणि माझीच सून माझ्या शाळेत मानधनावर, लोक काय म्हणतील? घरात काही कमी आहे का? सुनेनं बाहेर जायची आमच्यात पद्धत नाही. राजीनाम्याचं मी बघून घेतो. मॅडमचे वडील मान खाली घालून म्हणाले, "तुमच्या घरची रीत असेल तसं."

"पण दहावीची परीक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "पोरांचं काय?"

"सर शेतना!" मंगलाबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

गादीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी या शाळेचा मुख्याध्यापक, तीन वर्षांत मी त्या पोरांचं काय केलं हे मला ठाऊक होतं. पण समोर चुलत सासरे बसले होते, आणि जावयाला जितका मान, तितकं त्याचं तोंड बंद. मी मान हलवली. होकारार्थी. आजही ते आठवलं की स्वतःची चीड येते.

धनुबाईचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या ध्यानात आलं ते तेव्हा माझ्याही आलं. जावई केला की तो येतो आणि राहतो. सून केली की ती जाते, चार घरं पलीकडं दिली तरी जाते. ती स्वतः सून होती, तिची आई सून होती, आणि मास्तर टिकवायच्या नादात ही एवढी उघड गोष्ट ती विसरली होती. परीक्षेला पाच आठवडे राहिले असताना तिनं आपल्याच हातानं वर्गातून शिक्षिका उचलून पाटलांच्या माजघरात ठेवली होती.

तिनं मांडीवरचं लुगडं उचलून शेठच्या पुढं सरकवलं.

"शेठ, हाई माले नको." मग ती हिंमतरावांकडं वळली. हात जोडलेले. "दादा, मन्हं चुकनं. मी तुमले सून नही देखी. मी शायाले मास्तरीन देखी. गावमा घर व्हयनं का ती जावाव नही, अशे वाटनं माले. त्यानाकरता हाई लगीन जुयाडं."

हिंमतराव म्हणाले, "धनुबाई, तू शुद्धीवर आहेस का?" पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती. ती चेतना मॅडमकडं बघत होती.

"म्हणजे पहिल्या दिवसापासनं?" मॅडमनी विचारलं. "ते पाणी, डबा, सगळं? मला ताप आला तेव्हा उशाला बसला होता, ते पण त्यासाठीच?"

"ताप मा बठनू, ते खरं शे," धनुबाई म्हणाली. "बाकीनं माले बी सांगता येत नही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी हातानं पुसलं. मग त्या सरळ हेमकांतला म्हणाल्या, "लग्न परीक्षेनंतर करू. आणि नोकरी मी सोडणार नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

हेमकांत वाईट मुलगा नाही, हे मी पुन्हा सांगतो. त्यानं तोंड उघडलं, वडिलांकडं पाहिलं, आणि समोरच्या शालूच्या काठाशी चाळा करू लागला. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. बऱ्यापैकी वाट पाहिली. मग त्या उठल्या, त्यांच्या मागं आईवडील उठले, आणि शेठ निमूटपणे साड्यांच्या घड्या घालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शाळेत गेलो तर धनुबाई फाटकापाशी उभी. मॅडमच्या खोलीचा दिवा पहाटेपासून चालू होता, आत बोलण्याचे आवाज येत होते, एवढंच तिला माहीत होतं. साडेसहाला रुपा आली. सातला एकेचाळीस पोरं वर्गात. सात वाजून पाच मिनिटं. दहा. "सर, गयी व्हई का?" धनुबाईनं विचारलं. सव्वासात. खडू घेऊन मीच वर्गाकडं निघालो. आज आपण काय शिकवणार, आणि ती पोरं माझ्याकडं कशी बघणार, एवढंच डोक्यात होतं.

सात वीसला मॅडम फाटकातून आत आल्या. आईवडिलांना एसटीत बसवून आल्या होत्या. डोळे सुजलेले. धनुबाईच्या अंगावरून त्या सरळ वर्गात गेल्या. "काल कुठं थांबलो होतो?" असा त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला. धनुबाई फाटकापाशीच खाली बसली.

पुढचे पाच आठवडे मॅडमनी वर्ग असा राबवला की बघत राहावं. रविवारी सुद्धा. पण धनुबाईशी अवाक्षर नाही. ही रोज सकाळी डबा दाराशी ठेवायची, संध्याकाळी तो तसाच भरलेला मिळायचा. महिन्याभरात मॅडमनी खोलीही बदलली. हिंमतरावांनी मला फोन करून सांगितलं, त्या बाईला नोटीस द्या, अध्यक्षांचा चारचौघांत अपमान केलाय. मी ती लिहिली नाही. देणार नाही असं म्हणालो, अशातलाही भाग नाही. लिहिली नाही, एवढंच. घरी बायको आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

परीक्षा झाली. गणित भाग दोनच्या दिवशी रुपा केंद्रावरून आली ती हसतच. टाकीच्या सावलीसारखंच गणित आलं होतं म्हणाली. धनुबाईनं तिला जवळ घेतलं. नवनीतचा फोन आला तेव्हा तिनं त्याला फक्त "पेपर बेस गया" एवढंच सांगितलं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी चेतना मॅडम माझ्या ऑफिसात आल्या. मी निकालपत्रकांवर सह्या करत होतो, धनुबाई माठ भरत होती. मला वाटलं, आता राजीनामा. मी पेन बाजूला ठेवलं.

मॅडम काही बोलायच्या आत धनुबाईनं हंडा खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"मॅडम, तुम्ही ऱ्हाशात का?"

बस्स. ना कसलं निमित्त, ना आग्रह.

"मी पुन्हा भरतीची परीक्षा दिलीय, मावशी," मॅडम म्हणाल्या. "कोल्हापूरकडं जागा मिळाली तर जाईन. आईबाबा तिकडं एकटे पडतात. नाही मिळाली तर जूनमध्ये इथंच. असेन तोवर सकाळचा सातचा तास माझा."

"आनि मियनी ते जाशात."

"मिळाली तर जाईन."

धनुबाईनं मान डोलावली. रडली नाही, हातापाया पडली नाही. मॅडम जाताना दाराशी थांबल्या, "रुपाला अकरावीला सायन्स घ्यायला सांगा," म्हणाल्या आणि गेल्या. वीस वर्षं ही बाई माणसं बांधून ठेवत आली होती. आता तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं, जूनपर्यंत नुसती वाट बघायची होती. मला तिची दया आली, आणि माझ्या शाळेची जास्त आली.

हंडा उचलायला ती वाकली आणि तशीच थांबली.

"तुमले बी मी कधी इचारं नही, सर," ती म्हणाली. "तुमले आठे ऱ्हानं व्हतं का?"

थट्टा करावी असं पहिल्यांदा मनात आलं. आता विचारता का, दोन पोरं झाली, घरावर स्लॅब पडला. पण मला आठवलं ते सांगोल्याचं घर. वडील गेले तेव्हा मी दोन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो होतो. भावानं माझी वाट बघून बघून शेवटी अग्नी दिला होता. त्या दिवशी मला कुणी काही बोललं नाही. इथं परत आलो तर फळ्यावर माझाच पाठ अर्धा होता, तो मी पुढं शिकवला.

तुम्हाला इथं राहायचं होतं का, हा प्रश्न एकोणीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. धनुबाई उभी होती. ऐकल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि मला खरंच माहीत नव्हतं.